सदतीस नंबरचा बिल्ला

पगारे मामा गेल्याचं मला सायकल स्टँडवर कळलं. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सकाळी मी स्कूटर लावायला गेलो, तर मामांच्या स्टुलावर वेगळाच माणूस बसलेला. त्यानं हातातल्या तारेतून पत्र्याचा एक बिल्ला काढून माझ्यापुढे धरला. मी विचारलं, "मामा अजून आजारीच आहेत का?" तो म्हणाला, "मामा गेले की सर. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी. तुम्हाला कळलं नाही?" मी काही बोलायच्या आत तो आपल्या अडचणीकडे वळला. "शंभर बिल्ले मिळाले म्हणून माझी सही घेतली ऑफिसात. इथं येऊन बघतो तर एक कमी. सदतीस नंबरचा नाही. म्हाताऱ्यानं हरवला असंल शेवटी शेवटी. आता विचारणार मला."

सदतीस नंबरचा बिल्ला माझ्या खिशात होता. सुट्टी लागण्याच्या दिवशी दुपारी मामांच्या छातीत कळ आली, ग्रंथालयातल्या दोघांनी त्यांना रिक्षात घालून घरी नेलं आणि स्टँड तसाच उघडा राहिला. संध्याकाळी मी आलो तेव्हा बिल्ला परत घ्यायला तिथे कोणी नव्हतं. मी स्कूटर काढून निघून गेलो. तेव्हापासून तो त्याच खिशात होता. आणि तो माणूस माझ्यासमोर "म्हाताऱ्यानं हरवला असंल" म्हणत होता, तरी मी मान हलवली आणि वर्गावर गेलो.

एका पत्र्याच्या तुकड्यासाठी कोणी लेख लिहीत नाही. मी लिहितो आहे, कारण माझ्यामुळे मामांच्या माथी ठपका येण्याची ही दुसरी वेळ होती.

आमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या मागे दोन खोल्यांचं एक संग्रहालय आहे. नाशिकच्या पुष्कळ लोकांना ते माहीत नाही, कॉलेजात शिकून गेलेल्यांनाही नसतं. नाणी आहेत, मणी आहेत, पेठच्या बाजूने आणलेला बोहाड्याच्या सोंगाचा एक लाकडी मुखवटा आहे, आणि बाकी सगळे दगड. गोदावरीच्या जुन्या गाळात सापडलेली आदिमानवाची हत्यारं. हातकुऱ्हाडी, तासण्या, छिलके. मुलं मुखवटा बघतात आणि बाहेर पडतात. एकदा लासलगावकडचा एक विद्यार्थी कपाटापुढे उभा राहून म्हणाला, "मामा, असले दगड आमच्या वावरात ट्रॉलीभर निघतील." मामा तेव्हा स्टँडवर नव्हते, संग्रहालयाचे अटेंडंट होते; फडक्याने काच पुसत होते. म्हणाले, "आण की मग ट्रॉली. पण कुठल्या बांधावरचा कोणता, ते लिहून आण. नायतर खडी म्हणून रस्त्यावर टाक."

संग्रहालयाचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. मला ते पुण्याला एम.ए. करताना दोन वर्षं शिकवलं गेलं होतं. मामा, म्हणजे एकनाथ पगारे, सातवी शिकलेले होते.

मी चौऱ्याहत्तर साली इतिहास विभागात लागलो, तेव्हा लिमये सर विभागप्रमुख होते. संग्रहालय त्यांनीच उभं केलेलं. एका उन्हाळ्यात ते नदीकाठाने चालत चालत सायखेड्याला पोचले आणि वस्तीतल्या एका घरापुढे पाणी प्यायला थांबले. तिथे एक बाई दगडाने खडेमीठ फोडत होती. सर पाणी प्यायचं विसरले. तो दगड म्हणजे बदामाच्या आकाराची सुरेख हातकुऱ्हाड होती. त्या बाईचा नवरा, पंचविशीतला एकनाथ, विहीर खणताना ती घरी घेऊन आला होता. "हातात चांगली बसली म्हणून आणली," त्याने सरांना सांगितलं. सरांनी विचारलं, "कुठे मिळाली ती जागा दाखवशील?" त्याने जागा तर दाखवलीच, पण किती खोलीवर, वर कोणती माती होती, खाली कोणती, सगळं सांगितलं. वर्षभरात सरांनी त्याला कॉलेजात अटेंडंट म्हणून आणलं. ती कुऱ्हाड संग्रहालयात सदतीस क्रमांकाने दाखल झाली. तिच्यापुढे सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती : 'हातकुऱ्हाड. सायखेडे. श्री. एकनाथ पगारे यांच्याकडून.'

त्या चिठ्ठीचं मामांना काय होतं ते मला उशिरा कळलं. त्यांच्या वडिलांचं नाव आयुष्यभरात एकाच कागदावर आलं होतं, रस्त्याच्या कामाच्या हजेरीपटावर. इथे काचेच्या कपाटात, गावाच्या नावाशेजारी, 'श्री.' लावून पगारे हे नाव होतं. गावाकडचं कोणी दवाखान्याला, कोर्टाला नाशिकला आलं, की मामा त्याला एस.टी. स्टँडवरून थेट कपाटापुढे आणून उभं करायचे. "वाच," म्हणायचे. वाचता न येणारा असला तर स्वतः वाचून दाखवायचे, बोट काचेवरून फिरवत. मग काचेवरचा बोटाचा डाग पुसायचे.

दगडांवर क्रमांक घालायचं काम त्यांचंच होतं. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने बारीक आकडा, त्यावर व्हार्निशचा हात. पण दगड ते धूत नसत. गोदेच्या गाळातल्या दगडांवर चुनखडीचा टणक थर बसलेला असतो, खाचांत माती असते. मी नवा होतो, मला ते गबाळं वाटायचं. "मामा, जरा घासून स्वच्छ करा की." मामा हसायचे. "सर, त्याचं लगीन नाय आज. आंघोळ कशाला? माती हाय तवर तो आपलं गाव सांगतो. धुतला का इसरला." नोंदवहीत लिमये सरांनी बहुतेक दगडांपुढे एवढंच लिहिलं होतं : 'काळसर, तळहाताएवढा'. मोजमापं आणि चित्रं नंतर करू म्हणून राहून गेली, आणि मग सर निवृत्त होऊन मुलाकडे गेले. खरी नोंदवही मामांचा हात होता. डोळे मिटून दगड हातात घेतला तरी ते गाव सांगत.

सर गेल्यावर संग्रहालय माझ्याकडे आलं. मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होतो, अजून कायम झालो नव्हतो. डिसेंबरात विद्यापीठाची समिती येणार होती आणि प्राचार्यांनी बजावलं होतं, संग्रहालय लखलखीत दिसलं पाहिजे. मामा भावाच्या आजारपणासाठी चार दिवस सायखेड्याला गेले होते. शनिवारी दुपारी मी रसायनशास्त्र विभागातून ॲसिडची बाटली आणली, दोन घमेल्यांत पाणी घालून पातळ केलं आणि तिन्ही खोकी... गंगापूरचं, नांदूरचं, सायखेड्याचं... त्यात रिकामी केली, कपाटात मांडलेले दगडही त्यातच टाकले. सगळे मिळून साठ-पासष्ट दगड असतील. घमेली तीन हवी होती, मिळाली दोन. क्रमांक तर दगडावरच आहेत, या भरवशावर मी होतो. दगड फसफसायला लागले. चुनखडीचा थर विरघळत होता, आतून गुळगुळीत काळा, तपकिरी दगड निघत होता, आणि मी खूश होतो. कितीतरी दगडांवर मामांनी आकडा त्या थरावरच घातलेला होता, कारण दगडाला दुसरी जागाच मोकळी नव्हती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा घमेल्यात पांढरे ठिपके तरंगत होते. उरलेले मी ब्रशने घासताना गेले.

रविवारी दिवसभर मी नोंदवही पुढ्यात घेऊन बसलो. 'काळसर, तळहाताएवढा.' तसे वीस दगड होते. मी अंदाजाने वाटले आणि अंदाजाने नवे आकडे घातले. सदतीस क्रमांकाच्या चिठ्ठीपुढे सगळ्यांत देखणा दगड ठेवला. सोमवारी समिती आली, कपाटं बघून फार चांगलं म्हणाली. मी कायम झालो.

मंगळवारी मामा परत आले. दारातच थांबले. खोलीला ॲसिडचा वास होता. ते कपाटाजवळ गेले, खूप वेळ काचेतून बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. "सर, हाताला काय झालं?"

माझ्या बोटांची कातडी सोलली होती. "चुना लागला," मी म्हणालो.

"चुना," मामा म्हणाले. एवढंच. दोन दिवसांनी, खोलीत दुसरं कोणी नसताना, ते हळूच म्हणाले, "सर, सदतीसला दुसराच बसलाय. आपला गंगापूरच्या खोक्यात पडलाय."

"नीट बघा मामा."

"माझ्या घरात सात वर्षं मीठ फोडलं त्यानं. मी नाय वळखणार व्हय?"

त्यांनी तो काढून दाखवलाही. मला माझ्या डोळ्यांपुढे फक्त एकच गोष्ट दिसत होती. एक बदलला, तर बाकीचे का नाही असं कोणीतरी विचारणार. मी म्हणालो, "राहू द्या मामा. गंगापूर काय, सायखेडे काय, एकाच नदीचे ना सगळे?"

मामांनी दगड परत गंगापूरच्या खोक्यात ठेवला. "नदी एकच हाय सर," ते म्हणाले. "गाव एक नाय."

त्या दिवसानंतर त्यांनी गावाकडच्या कोणालाही कपाटापुढे आणलं नाही.

फेब्रुवारीत पुण्याहून एक वयस्क अभ्यासक आले. त्यांनी दोन दिवस दगड हाताळले आणि जाताना प्राचार्यांना सांगितलं, की खोकी मिसळलेली आहेत, दगड ॲसिडने धुतलेले आहेत आणि आता हा संग्रह अभ्यासाच्या उपयोगाचा राहिला नाही. प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी खुर्चीवर होतो, मामा दाराशी उभे होते. प्राचार्यांनी विचारलं, "कोणी धुतले?" मी म्हणालो, "साफसफाईत मामांच्या हातून झालं असावं. त्यांना यातलं शास्त्र ठाऊक नाही."

सगळे दगड ओळखणारा माणूस दाराशी उभा होता, आणि त्याला शास्त्र ठाऊक नाही असं मी म्हणालो. प्राचार्यांना ते लगेच पटलंही. माझ्या तोंडून आलं म्हणून पटलं, आणि ते पगाऱ्यांविषयी होतं म्हणूनही पटलं. मला हे तेव्हाच कळत होतं. मी त्याचा फायदा घेतला. मामांनी माझ्या बोटांकडे एकदा पाहिलं, मग खाली फरशीकडे. प्राचार्य म्हणाले, "काही म्हणायचंय पगारे?" मामा म्हणाले, "नाय साहेब." त्यांना मेमो मिळाला, सर्व्हिस बुकात शेरा गेला आणि एक तारखेपासून त्यांची नेमणूक सायकल स्टँडवर झाली.

सायकल स्टँड संग्रहालयाच्या खिडकीसमोर आहे. मधे पन्नास पावलं अंतर, एक कडुनिंब. पहिल्या दिवशी मी दुरून पायी आलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सायकल घेऊन जावंच लागलं. मामा उठून उभे राहिले, सायकल सावलीत लावली आणि माझ्या हातात बिल्ला दिला. सदतीस. मला वाटलं योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी सदतीस. तिसऱ्या दिवशी सदतीस. माझ्या आधी वीस गाड्या येवोत की ऐंशी, माझ्यासाठी तो बिल्ला तारेवर राहिलेला असायचा. पुढे सायकलची स्कूटर झाली. व्याख्याता होतो, विभागप्रमुख झालो. बिल्ला तोच. त्यांनी कधी एक शब्द उणा काढला नाही. "सर, चाकात हवा कमी हाय," म्हणायचे. "सर, आज लवकर?" म्हणायचे. पावसात सीटवर गोणपाट टाकून ठेवायचे. मी बिल्ला घ्यायचो, न बघता खिशात टाकायचो. दिवसभर तास घेताना तो खिशात लागायचा.

तो आरोप होता की आठवण, की नुसती सवय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. अकरा वर्षं. खिडकीत उभा राहिलो की ते स्टुलावर बसलेले दिसायचे, आणि मला खात्री आहे की त्यांनाही मी दिसत असणार. कधीकधी त्यांच्या हातात खडा असायचा, नुसताच, बोटांत फिरवत बसलेले. कितीदा तरी मनात आलं, की आता हाक मारावी. "मामा, जरा आत या, खोकी लावून द्या." एका दुपारचं काम होतं. पन्नास पावलांवर सगळी नोंदवही बसलेली होती. पण बोलवायचं तर आधी सांगावं लागणार होतं, आणि आज नाही, या सत्रात नाही, बढतीनंतर, असं करत मी त्यांच्या जाण्यापर्यंत आलो.

नाशिकरोडच्या बाजूला त्यांचं घर आहे. मी गेलो तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आठवडा झाला होता. बुद्धाच्या मूर्तीशेजारी मामांचा फोटो होता, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात काढलेला, खाकी गणवेशातला. मामी म्हणाल्या, "बसा सर. तुम्ही याल असं वाटलं नव्हतं." त्यात टोमणा नव्हता. चहा झाला. मी सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर अडलो. मामी शांतपणे म्हणाल्या, "ठाऊक हाय. मेमो आला तवा मी भांडले त्यांच्याशी. जा, सांगा म्हणलं. तर म्हणले, कोणाला सांगू? ज्याला ठाऊक हाय त्यालाच?"

मग त्यांनीच विचारलं, "तो दगड हाय ना तिथं अजून? मी नवी नवरी होते तवापासून माझ्या हातात होता. एकदा बघायचा हाय. हे दाखवतो दाखवतो म्हणायचे, मग काय झालं, बोलायचेच बंद झाले त्यावर."

मी त्यांना शुक्रवारी घेऊन आलो. मुलगी शोभा सोबत होती, ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. वाटेत मामींनी स्टँडवरच्या स्टुलाकडे पाहिलं, थांबल्या नाहीत. कपाटापुढे शोभाने चिठ्ठी मोठ्याने वाचली, 'श्री. एकनाथ पगारे यांच्याकडून,' आणि मामींनी चिठ्ठीपुढचा तो देखणा दगड बघितला. लगेच म्हणाल्या, "हा नाय."

"हा नाही," मी म्हणालो. "कोणता ते मला माहीत नाही. मामांनी एकदा काढून दाखवला होता, मी नीट बघितलाही नाही. ॲसिड मी टाकलं मामी. आकडे माझ्या हातून गेले, आणि नाव मी त्यांचं सांगितलं." शोभाने आईसाठी खुर्ची पुढे ओढली.

मी गंगापूरचं खोकं टेबलावर रिकामं केलं. मामी खुर्चीवर बसल्या, पदर खोचला आणि एकेक दगड उचलून टेबलावर हलकेच आपटून बघायला लागल्या, मीठ फोडावं तसा. उचलायचा, अंगठा बसवायचा, आपटायचा, बाजूला ठेवायचा. ग्रंथालयातली माणसं आवाज ऐकून दारात आली. तासभर ते चाललं होतं. शेवटी त्यांच्यापुढे दोन राहिले. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक, पुन्हा अदलाबदल करून. "ह्याला अंगठा बसतो," त्या म्हणाल्या. "वजन त्या दुसऱ्याचं बरोबर वाटतं." मग दोन्ही खाली ठेवले. "माझ्याकडं होता तवा त्याच्यावर माती होती, सर. असा नागडा मी कधी धरला नाय. त्यांना इचारायला पायजे होतं..."

मी ते दोन्ही दगड बाकीच्यांपासून वेगळे ठेवले.

मी प्राचार्यांना लेखी दिलं आहे. मामांच्या सर्व्हिस बुकातला शेरा काढावा आणि दगड कोणी धुतले ते माझ्या सर्व्हिस बुकात लिहावं. आताचे प्राचार्य नवे आहेत, भले आहेत. म्हणाले, "आता हे उकरून कोणाचं भलं होणार? माणूस गेला." ते अर्जावर काय करतात ते बघायचं. कपाटातली चिठ्ठी मात्र माझ्या अखत्यारीतली आहे. लिमये सरांची चिठ्ठी मी हलवली नाही. तिच्यापुढे ते दोन दगड शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे : 'या दोन दगडांपैकी एक सायखेड्याचा असावा. कोणता, ते सांगू शकणारे श्री. पगारे आता नाहीत. ते अकरा वर्षं समोर बसलेले असताना विचारलं नाही. बाकीच्या दगडांची गावंही खात्रीची नाहीत. ती माझ्या चुकीने गेली.' खाली माझं नाव. मुलं आता मुखवटा बघून लगेच बाहेर पडत नाहीत. चिठ्ठी वाचतात आणि विचारायला येतात.

आणि परवा सकाळी मी स्टँडवर गेलो. खिशातून बिल्ला काढून त्या नव्या माणसापुढे धरला.

"सदतीस," तो म्हणाला. "कुठं मिळाला सर?"

"हरवला नव्हता. माझ्याकडे होता. मामांनी हरवलेला नाही."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

त्याने सहज विचारलं होतं. अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता, ज्यांचा हक्क होता त्यांनीही नाही. मागे गाड्यांची रांग लागत होती. त्या माणसाने तार सोडवली, बिल्ले मागे सारले, आणि छत्तीस आणि अडतीसच्या मधे सदतीस ओवून टाकला.